तांदळातलं नाव

आमच्या सूनबाईची एक खोड मी चार वर्षं सहन केली. हाक मारली तर ती ओ देत नाही. "चांगुणा" म्हणून पहिली हाक मारावी, काही नाही. दुसरी मारावी, ती आपली भाकरी थापतेच आहे. तिसऱ्या हाकेला दचकून वर बघणार आणि विचारणार, "मला म्हणालात का, आत्याबाई?" आता घरात त्या वेळी मी, ती आणि एक गाभण म्हैस. म्हशीला मी चांगुणा म्हणत नाही.

शेजारची आक्काबाई परसात कान लावून बसलेलीच असायची. ती गावभर सांगत सुटली की वाकचौऱ्यांच्या सुनेला कमी ऐकू येतं, लग्नात पाव्हण्यांनी लपवलं. मी तिला तोंडावर सांगितलं, तुझ्या सुनेला सगळं ऐकू येतं पण जागचं उठवत नाही, त्यापेक्षा आमची बरी. तिला गप्प केली खरी, पण माझ्या मनाला ते लागून राहिलं. कारण मी ठेवलेलं नाव काही रस्त्यावर सापडलेलं नव्हतं. चांगुणा माझी आजी, बापाची आई. डोक्यावर बाजरीचं पोतं घेऊन ती चंदनापुरीचा घाट चढून यायची आणि वर आल्यावर कुणाशी तरी भांडण्याइतका दम तिच्यात शिल्लक असायचा.

सुनेचं माहेरचं नाव वाईट होतं असं नाही. उलट फार चांगलं होतं, अडचण तीच होती. माझ्या सासूबाईंचं तेच नाव. ज्ञानोबाच्या धाकट्या बहिणीचं जे नाव, ते. सासूचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही आमच्यातली रीत. सासूबाई जाऊन अठरा वर्षं झाली होती, तरी माझी जीभ तिथं वळत नव्हती. कीर्तनात बुवा त्या भावंडांचा गजर सुरू करायचे तेव्हा मी तिघा भावांची नावं घ्यायची आणि बहिणीच्या वेळी नुसती टाळी वाजवायची. आता त्याच नावाची सून घरात आली, तिला मी हाक कशी मारणार? त्या नावानं हाक मारून भांडी घास म्हणायचं म्हणजे सासूबाईंनाच भांडी घासायला सांगितल्यासारखं झालं असतं, आणि त्यांनी ते मेल्यावरही ऐकून घेतलं नसतं. म्हणून मी ते नाव इथंही त्याच्या जागेवर येईल तेव्हाच लिहीन.

तर सत्तर सालच्या वैशाखात लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरले, माझ्या गोरक्षच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि मी सांगितलं ते नाव त्यानं तांदळात काढलं. मुलीनं वाकून वाचलं. तिच्या आईनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, लेक निघाली म्हणून.

गोरक्ष आणि सूनबाई दोघंही संगमनेरला कॉलेजात शिकवतात. शनिवारी दुपारच्या एसटीनं पठारावर आमच्या गावी येतात, सोमवारी पहाटे परत जातात. सूनबाई पुण्याला शिकलेली. काम करताना माणसाला श्वास किती लागतो, काळीज किती पळतं, हे मोजायचं एक शास्त्र आहे, ते तिचं. लग्नाआधी तिनं आपल्या माहेरच्या गावात पाणी वाहणाऱ्या बायका मोजल्या होत्या. हंडा डोक्यावर घेतला तर दम कमी लागतो का कमरेवर घेतला तर, ह्याचा तिनं निबंध लिहिला आणि तो बाहेरदेशीच्या इंग्रजी मासिकात छापून आला. मला विचारलं असतं तर मी फुकटात सांगितलं असतं. पण मी सांगितलेलं कोण छापणार?

बहात्तर साली शिमगा झाल्यावर आमच्या शिवारात दुष्काळी काम निघालं, पाझर तलावाचं. गडी खणायचे आणि बायका घमेली डोक्यावर घेऊन बांधावर माती टाकायच्या. शेतं सगळ्यांचीच वाळलेली, त्यामुळं मोठ्या घरच्या, लहान घरच्या सगळ्याच एका रांगेत. सूनबाईनं एका शनिवारी एसटीतून एक भलीमोठी रबरी पिशवी आणली, एक नळी आणि नाकाला लावायचा एक चिमटा. म्हणाली, बांधावर चढणाऱ्या बायकांचा श्वास मला ह्या पिशवीत भरून पाहिजे. बायका लांब सरकल्या. कुणी म्हणालं, श्वास काढून घेतल्यावर आयुष्य कमी होतं. आक्काबाई म्हणाली, सरकार आता माती मोजून दमलं, दम मोजायला लागलं.

माझ्या घरच्या पोरीनं बोलवावं आणि कुणी पुढं येऊ नये, हे मला बघवेना. मी पदर खोचला आणि म्हणाले, लाव मला. नाकाला चिमटा बसला, तोंडात नळी कोंबली, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भरलं घमेलं. अशी मी बांध चढायची, उतरायची, परत चढायची, दहा मिनिटं. आणि सगळं काम थांबलं. गडी कुदळी टेकून उभे राहिले. कारण चाळीस वर्षांत छबूबाई वाकचौरे दहा मिनिटं गप्प बसलेली गावानं बघितली नव्हती. आक्काबाईनं तर त्या दहा मिनिटांत मनातलं सगळं बोलून घेतलं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला नळीतून नुसतं फुसफुसता येत होतं. नळी काढल्यावर मी तिचं सगळं उत्तर एका दमात दिलं. सूनबाई माझं मनगट धरून नाडी मोजत होती, म्हणाली, "आत्याबाई, अजून मिनिटभर बोलू नका, मोजणी चुकते." त्यानंतर मात्र बायकांची रांग लागली. छबूबाईला जे जमलं ते आपल्याला का नाही, म्हणून.

पिशवी त्याच दिवशी संगमनेरला पोचायला हवी होती, तिथं कॉलेजात तिचं यंत्र होतं. एसटीचा कंडक्टर चांदभाई, आमच्या खालच्या आळीचा. त्यानं फुगलेली पिशवी बघून विचारलं, हिच्यात काय हाय? सूनबाई खोटं बोलत नाही. म्हणाली, सासूबाईंचा श्वास. चांदभाईनं तिला पुढची आख्खी सीट मोकळी करून दिली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "गचके देऊ नको रं बाबा. फुटली तर गाडीत कुनाची धडगत न्हाई."

निबंध पुढच्या वर्षी छापून आला. बांधावर माती वाहणाऱ्या बायकांना खणणाऱ्या गड्यांइतकाच दम लागतो, असं त्यात होतं. मी त्यात 'स्त्री क्रमांक एक' होते. मी विचारलं, नाव कुठं आहे माझं? ती म्हणाली, ज्यांना मोजतात त्यांची नावं छापायची नसतात, तसा नियम आहे. ठीक. पण वरती लिहिणारीचं नाव होतं, ते मी गोरक्षकडून बोट ठेवून वाचून घेतलं. सी. जी. वाकचौरे. त्यातला 'सी' म्हणजे चांगुणा. माझी आजी घाट चढून थेट परदेशात गेली. मी ते मासिक नव्या खणात गुंडाळून देवाजवळ ठेवलं, आणि महिनाभर घरी येईल त्याला आधी मासिक आणि मग चहा दाखवला. आक्काबाईला दोनदा दाखवलं.

तिथपर्यंत सगळं गोड होतं. मग त्या दिवाळीला दोघं पुण्याहून एक नवीनच गोष्ट शिकून आली. निबंध छापला म्हणजे काम संपत नाही. पुढचे शास्त्रज्ञ आपापल्या निबंधात तुमचं नाव घेतात का, ह्यावर त्याचं वजन ठरतं. कुणी कुणाचं नाव घेतलं ह्याची जाडजूड यादी दरसाल छापली जाते आणि ती पुण्याच्या एका ग्रंथालयात येते. मला ही रीत आवडली. आमच्यातही माणूस किती मोठा ते त्याच्या माघारी किती जण नाव काढतात ह्यावरच ठरतं. मी विचारलं, आपलं नाव किती जणांनी घेतलं?

गोरक्ष म्हणाला, दोन. एक जपानातला, एक कलकत्त्याचा.

मला आनंद झाला. जपानातला माणूस वाकचौरे कसं म्हणत असेल, ह्याचीच मी गंमत करत होते. तेवढ्यात गोरक्ष बोलून गेला की कडलगांना एकोणीस आहेत.

कडलग म्हणजे सूनबाईचं माहेर. लग्नाआधीचा तो पाण्याच्या हंड्यांचा निबंध तिनं माहेरच्या नावानं छापला होता. माझा घास तोंडातच राहिला. माहेरच्या नावाला एकोणीस आणि सासरच्या नावाला दोन. मी म्हणाले, बाई एकच आहे ना, मग एकोणीस आणि दोन एकवीस. सूनबाई हसली. "तसं होत नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "त्यांच्या लेखी आम्ही दोन बायका आहोत."

हसून म्हणाली, म्हणून मी सोडून दिलं. हसण्याखाली काय आहे ते त्या दिवशी मला दिसलं नाही. माझं लक्ष एकोणिसावर.

संक्रांतीला दोघं सुट्टीवर आली तेव्हा मात्र गोष्ट निराळी होती. आता सूनबाई चौथ्या हाकेलाही ओ देईना. तिळगूळ वळायला बसली आणि पाक कडक होऊन दगड झाला, तिला पत्ता नाही. मी गोरक्षला गोठ्यात गाठलं आणि विचारलं, तू काही बोललास का तिला? तो म्हणाला, मी नाही आई, हैदराबादवाले बोललेत.

मग सगळं बाहेर आलं. हैदराबादेत एक मोठी संशोधनाची जागा आहे. तिथं वर्षभर राहून स्वतःचं काम करायला एका माणसाला बोलावतात, पगारासकट. सूनबाईनं अर्ज केला होता, दोन्ही निबंध जोडून. त्यांनी ते निबंध मत विचारायला परदेशातल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसराला पाठवले. त्यानं लिहिलं, कडलग बाईंचं काम पहिल्या प्रतीचं आहे, मी स्वतः तीनदा त्यांचं नाव घेतलंय. पण ह्या वाकचौरे बाईंनी त्यांची मोजायची पद्धत उचलली, तक्ते उचलले, वाक्यंसुद्धा उचलली, आणि आता कडलग बाईंचा निबंध आपलाच म्हणून अर्जाला जोडतात, हे कसं? हैदराबादवाल्यांनी कळवलं होतं की महिनाअखेर खुलासा करा, पुराव्यासकट.

"थोडक्यात, आई, ती चोर ठरली," गोरक्ष म्हणाला.

"कुणाची चोरी केली?"

"स्वतःचीच."

वाकचौऱ्यांच्या नावावर चोरीचा आळ. आमच्या चार पिढ्यांत कुणी दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाही. मी ताडकन स्वैपाकघरात गेले आणि सूनबाईला विचारलं, महिना अर्धा सरला, खुलासा का नाही पाठवला? गोरक्ष मागून म्हणाला, पुरावा म्हणजे मामलेदार कचेरीत प्रतिज्ञापत्र करावं लागेल, ज्यानं नाव बदललं त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं. आणि दोन बायका व्हायच्या नसतील तर इथून पुढं सगळे निबंध एकाच नावानं छापावे लागतील, ज्या नावाला जग ओळखतं त्या.

म्हणजे एकोणीसवाल्या.

"मग सांगायचं होतंस मला," मी म्हणाले.

सूनबाई दगड झालेल्या तिळगुळाकडं बघत होती. "देवाजवळ खणात बांधून ठेवलंय तुम्ही ते मासिक," ती म्हणाली. "तुमच्या आजीचं नाव खोडा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

मी धार काढायला गेले. म्हैस तेव्हा व्यालेली होती. मला विचार करायचा असला की मी धार काढते, कारण म्हैस मधे बोलत नाही. पहिल्यांदा मला रागच आला, की ही पोर मला एवढी कच्ची समजते. मग आठवलं, तांदळात नाव काढलं तेव्हा तिची आई का रडली असेल. तेवीस वर्षं जी हाक मारली ती एका ताटात पुसली आम्ही, आणि वर पेढे वाटले. मग मी आजीचा विचार केला. आजीला घाटमाथ्यावर कुणी म्हटलं असतं, पोतं तू आणलंस खरं, पण ते दुसरीच्या नावावर उतरव, तर तिनं ते पोतं त्याच्या डोक्यात घातलं असतं. चरवी भरली तोवर माझा विचारही भरून झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहिल्या गाडीनं संगमनेरला गेलो. चांदभाईनं विचारलं, आज पिशवी न्हाई व्हय? मी म्हणाले, आज श्वास माझ्याजवळच ठेवलाय, कचेरीत लागणार आहे.

आणि लागला. कारकून बरा माणूस होता, भराभर लिहीत होता. मी छबूबाई वाकचौरे, राहणार अमुक, प्रतिज्ञेवर सांगते की माझ्या सुनेचं लग्नाआधीचं नाव... इथं त्यानं टाक थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. मी गोरक्षकडं बघितलं. कारकून म्हणाला, मुलानं सांगून चालायचं नाही, बाई, प्रतिज्ञा तुमची आहे. मी तोंड उघडलं. नाव गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. शेवटी मी म्हणाले, "ज्ञानोबाची धाकटी बहीण."

मागं उभ्या असलेल्या दोघा-चौघांना हसू फुटलं. कारकून नाही हसला. त्यानं हळूच विचारलं, "सासूबाईंचं नाव का?" मी मान हलवली. तो म्हणाला, आमच्या घरात पण हेच आहे, माझ्या वडिलांचं नाव विठ्ठल आणि बायको पंढरपूरला जाऊन देवाचं नाव न घेता येते. मग त्यानं कोरा कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाला, बोलू नका, लिहा. मी दुसरीपर्यंत शिकले आहे. जोडाक्षर जरा वाकडं आलं, पण नाव आलं. सूनबाईनं खाली वाकून वाचलं, लग्नाच्या ताटात वाचलं होतं तसंच. ह्या वेळी डोळे तिनं स्वतः पुसले.

खुलासा हैदराबादला रवाना झाला. मी कागदावर लिहिलं होतं, तरी घरी आल्यावर हाक चांगुणाच. हात सुटला होता, जीभ सुटली नव्हती. आणि ती आपली तिसऱ्या हाकेला, "मला म्हणालात का?"

होळीच्या आधीचा शनिवार. दुपारची गाडी येऊन गेली होती. सूनबाई घरात पिशवी टेकवून लगेच तलावावर गेली, तलावाचं काम अजून रेंगाळलेलंच होतं, बायका बांधावर होत्याच आणि तिला त्यांची पावलं मोजायची होती. तेवढ्यात पोस्टमन आला. हातात जाड लिफाफा, हैदराबादचा शिक्का. रजिस्टर पत्र. मी हात पुढं केला तर त्यानं मागं घेतला. म्हणाला, ह्याच्यावरचं नाव तुमच्या घरातलं न्हाई, छबूमावशी. मधे कडलग, शेवटी वाकचौरे, आणि पहिलं नाव तर आमी कधी ऐकलंच न्हाई. सही करनारी असली तर बोलवा, न्हाईतर मी परत घिऊन जातो, आता मंगळवारी.

मंगळवारपर्यंत मी जिवंत राहिले नसते. त्याला ओट्यावर पाण्याचा तांब्या दिला, इथून हलू नकोस म्हणून दम भरला आणि मी तलावाकडं निघाले, निघाले म्हणजे पळाले. बांधाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा माझा भाता झाला होता. वर वीस-पंचवीस बायका, मधे सूनबाई पाठमोरी, डोळे मनगटावरच्या घड्याळात.

"चांगुणा," मी हाक मारली. वारा होता. दुसरी मारली. आक्काबाई घमेलं घेऊन माझ्याजवळूनच चालली होती. ती म्हणाली, मी सांगत हुते, पोरीला ऐकू येत न्हाई. तिसरी मारली. सूनबाई पावलंच मोजते आहे.

मी चुंबळीसारखा पदर गुंडाळून कमरेला खोचला, आकाशाकडं बघून सासूबाईंची माफी मागितली, आणि पोटातून ओरडले.

"मुक्ता!"

ती एका क्षणात वळली. घड्याळ विसरली, वही टाकली, बांधावरून धावत खाली आली. बायका जागच्या जागी थांबल्या. आक्काबाईच्या डोक्यावरचं घमेलं कललं आणि सगळी माती तिच्याच पाठीवर गेली. सासूबाई जाऊन अठरा आणि चार, बावीस वर्षं झाल्यावर मी ते नाव पहिल्यांदा घेतलं होतं आणि आभाळ जिथल्या तिथं होतं.

"काय झालं, आत्याबाई?" म्हणत तिनं आधी माझं मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागली. पत्र आल्याचं मी तिला धापा टाकत सांगितलं, तरी तिनं आकडा पुरा केला. एकशे छप्पन्न. मग आम्ही दोघी घराकडं पळालो.

ओट्यावर तिनं सही केली, लिफाफा फोडला, उभ्या उभ्या वाचला. जूनपासून हैदराबाद, वर्षभर. खाली म्हाताऱ्या प्रोफेसराची चिठ्ठी जोडलेली होती. त्यानं माफी मागितली होती आणि लिहिलं होतं की एकाच बाईला दोनदा दाद द्यायची संधी मिळाली. गोरक्षनं मला ते मराठीतून दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. पोस्टमनला गूळ दिला. मागून मातीनं माखलेली आक्काबाई आली, तिलाही दिला.

सूनबाई माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला खांदे धरून उभी केली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मुक्ता, तुझे कान शाबूत आहेत, वाईट होती ती माझी हाक. हैदराबादला जा आणि सगळं ह्याच नावानं लिही, एकोणीस आणि दोन एकवीस झालेच पाहिजेत. चांगुणा हे नाव मी नातीसाठी राखून ठेवते. आणि तिच्या लग्नात कुणी तांदळाचं ताट पुढं केलं, तर त्या तांदळाचा मी भात लावीन."